आख्खं वाक्य

झेरॉक्सच्या मशीनवर बाई प्राण्यांच्या चित्रांच्या प्रती काढत होत्या आणि मशीन नेहमीसारखं जिराफाची मान कापून टाकत होतं, तेवढ्यात पाचवीच्या वर्गशिक्षिकेने मागून येऊन त्यांचा दंड धरला. "बोललं! अहो बाई, तुमचं बटण बोललं!" तिचा चेहरा धावत आल्यासारखा लाल झाला होता, आणि डोळे भरले होते. बाईंच्या हातातले कागद गरम होते, ते त्यांनी छातीशी धरले. बटण म्हणजे पाचवीतली ती मुलगी, जून उलटून सहामाही आली तरी शाळेत जिने ब्र काढला नव्हता. खेळाचे सर तिला सरळ मुकी म्हणायचे, ते ऐकून बाई एकदा स्टाफरूममध्ये भडकल्या होत्या, आणि दुसरं काहीतरी नाव द्यायचं म्हणून, ती स्वेटरचं वरचं बटण सतत तोंडात धरते म्हणून, त्यांनीच तिला बटण म्हणायला सुरुवात केली होती. "काय बोलली?" बाईंनी विचारलं. "आज सगळ्यांना कुटुंबावर एकेक वाक्य सांगायचं होतं. हिला मी विचारतही नव्हते, उगाच कानकोंडी होते ना. पण ही आपणहून उठली. उभी राहिली आणि म्हणाली, माय मदर इज डेड. आख्खं वाक्य, बाई! इज सुद्धा गाळलं नाही. बाकीचे अजून माय मदर टीचर, माय फादर ड्रायव्हर करतायत." मग तिचा आवाज खाली आला. "बिचारी. म्हणून गप्प असायची. आपल्याला कुणीच सांगितलं नाही." मशीनने आणखी एक जिराफ बाहेर टाकला. बाई म्हणाल्या, "पण तिची आई आहे."

आई होती. बाईंनी तिला परवाच शाळेच्या फाटकापाशी बघितलं होतं. हडकुळी, तरुण बाई, खांद्याला निळी पिशवी, कडेवर मुलीची धाकटी बहीण. ॲडमिशनच्या वेळीही हीच आली होती आणि मुलीची घरची भाषा शाळेत फक्त बाईंना येत होती म्हणून ऑफिसने त्यांना बोलावून घेतलं होतं. परवा फाटकापाशी मुलीने तिचा पदर ओढून म्हटलं होतं, "आई, चल ना." बाई चार पावलांवर उभ्या होत्या. मुलीच्या तोंडून त्यांनी आजवर ऐकलेले शब्द तेवढेच. त्यांना तेव्हा वाईटही वाटलं होतं, कारण गेले कित्येक महिने रोज एक तास त्या तिच्यासमोर बसत होत्या, इंग्रजीत नाही जमलं तर घरच्या भाषेत बोल म्हणत होत्या, आणि मुलगी मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती. घरच्या भाषेला तर ती अंग जास्तच आवळून घ्यायची, इंग्रजी शब्दाला निदान वर तरी बघायची. वर्गशिक्षिकेने बाईंचा दंड सोडला. तिचा चेहरा उतरला, तो बघून बाईंना आपण वाढदिवसाच्या घरात जाऊन दिवा विझवल्यासारखं वाटलं. "म्हणजे खोटं बोलली?" "नाही नाही," बाई घाईने म्हणाल्या, "चुकली असेल. डॅड म्हणायचं असेल. माय मदर अँड डॅड, असं काहीतरी. मी बघते."

मधल्या सुट्टीत त्या मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. एरवी बटण नळाजवळच्या पायरीवर एकटं बसलेलं असायचं, पण आज तिच्याभोवती मुलींचं कोंडाळं होतं. एकीने तिला आपलं वास येणारं खोडरबर दिलं होतं, दुसरी तिच्या वेणीची सुटलेली रिबिन बांधत होती. कुणीतरी दोरीवरच्या उड्यांसाठी तिला ओढलं आणि ती गेली. अवघडून उड्या मारत होती, दोरी पायात अडकत होती, आणि अडकली तरी कुणी तिला बाद म्हणत नव्हतं. हे सगळं एका चुकीच्या शब्दावर उभं आहे, आणि उद्या परवा कधीतरी ती निळ्या पिशवीवाली फाटकाशी येऊन उभी राहील, सगळ्या मुली तिला बघतील, आणि मग? त्यांना ठाऊक होतं मग काय होतं ते. वर्ग हसतो. वर्ग कसा हसतो हे बाईंना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. आधी एक जण नाकातून हसतो, मग बाकावरून बाकावर ते सरकत जातं, आणि सगळ्यात शेवटी, तोंडावर हात धरून, शिक्षिका हसते.

त्या याच मुलीच्या वयाच्या असताना त्यांच्याही शाळेत कुटुंबावर एकेक वाक्य होतं. त्यांचे वडील एका मोठ्या कंपनीच्या मुदपाकखान्यात होते, दीडदोनशे माणसांचं जेवण काढायचे, आणि छोट्या बाईंनी रात्रभर घोकून ठेवलं होतं की माय फादर वर्क्स इन द किचन. उभ्या राहिल्या आणि तोंडातून आलं, माय फादर वर्क्स इन द चिकन. झालं. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत त्यांचं नाव चिकन पडलं. पुढे स्वतःच्या लग्नात, साडीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, एका जुन्या वर्गमित्राने लांबून हाक मारली होती, "अरे, चिकनचं लग्न!" आणि सगळे हसले होते, नवराही हसला होता, तेव्हा तर त्याला कारणही माहीत नव्हतं. त्या हसण्याचं बाईंनी काही वाईट वाटून घेतलं नव्हतं. पण वाक्य तोंडाबाहेर काढायच्या आधी आतल्या आत दोनदा फिरवून बघायची सवय त्यांना लागली ती लागलीच. पुढे नोकरीची वेळ आली तेव्हा वर्ग नको, इंग्रजीत अडणाऱ्या मुलांना एकेकटं शिकवायचं हे काम द्या, असं त्या आपणहून म्हणाल्या होत्या. जिन्याखालची, खेळाच्या गाद्यांच्या खोलीला लागून असलेली ही एवढीशी खोली, तिला सगळे कोपरा म्हणत. भिंतीच्या पलीकडून चेंडू आपटत राहायचा, फिनेलचा वास कधी जायचा नाही. इथे मुलांनी हवं तेवढं चुकावं. बाहेर जाताना मात्र वाक्य धुऊन, इस्त्री करून जावं. एवढंच आपलं काम, असं त्यांना वाटत आलं होतं, आणि त्या कामात आपण वाईट नाही, असंही.

तर सुट्टीनंतरच्या तासाला बटण कोपऱ्यात आलं. गाल अजून उड्यांनी तापलेले होते. बाईंनी दार लोटून घेतलं आणि घरच्या भाषेत, अगदी मऊ आवाजात विचारलं, "आज बोललीस म्हणे वर्गात. शाब्बास. मला फार आनंद झाला." मुलीने वर बघितलं. "पण डेड म्हणजे काय, माहितीये ना तुला?" मुलीने मान हलवली. हो अशी हलवली. ती मान बाईंनी बघितली, आणि तरीही त्यांचं पुढचं वाक्य आधीच तयार होतं, ते थांबलं नाही. "डेड म्हणजे मेलेलं. तुला डॅड म्हणायचं होतं का? डॅड म्हणजे बाबा. बघ, डेड, डॅड. तोंड जास्त उघडायचं." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुझी आई आहे ना? मी परवा बघितली की. छान आहे. आता अशा छान आईला तू मेली म्हणालीस तर तिला कसं वाटेल?" मुलीचा हात बटणाकडे गेला, पण तिने ते तोंडात धरलं नाही, नुसतं मुठीत धरलं. पलीकडे चेंडू आपटत होता. "म्हण बघू माझ्याबरोबर. माय मदर इज नॉट डेड. शी इज ॲट होम." बऱ्याच वेळाने, बाई आता तिला सोडून द्यावं अशा विचारात असताना, मुलगी बोलली. बाईंनी पहिल्यांदाच तिचा आवाज एवढ्या जवळून ऐकला. थोडा घोगरा, मोठ्या माणसासारखा आवाज. "माय मदर इज नॉट डेड. शी इज ॲट होम." एकही चूक नव्हती. डेडमधला शेवटचा ड इतका स्वच्छ होता की बाईंना स्वतःच्या शिकवण्याचं कौतुक वाटायला हवं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी तेच झालं जे होऊ नये म्हणून बाई धडपडल्या होत्या. वर्गशिक्षिका मनाने चांगली होती, तरुण होती, गैरसमज लांबू नये असं तिला वाटलं. तिने हजेरी झाल्यावर बटणाला उभं केलं आणि म्हणाली, कालच्या वाक्यात एक छोटीशी चूक झाली होती, आज ती बरोबर करून सांगणार आहे. बाई व्हरांड्यातून जात होत्या. दारापाशी थबकल्या. मुलीने सांगितलं. दोन्ही वाक्यं सांगितली. मागच्या बाकावरून कुणीतरी नाकातून हसलं आणि म्हणालं, "घोस्ट!" आणि ते बाकावरून बाकावर सरकत गेलं. खोडरबरवाली मुलगी हसली नाही. ती वळून म्हणाली, "लायर," आणि हात पुढे केला. बटणाने दप्तरातून खोडरबर काढून तिच्या हातावर ठेवलं. वर्गशिक्षिका फळ्यावर डस्टर आपटत होती. बाईंना आत जाता आलं नाही, पुढेही जाता आलं नाही, आणि कानात आपलं जुनं नाव कुणीतरी हळूच म्हटल्यासारखं त्यांना वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांना घरात चैन पडेना. कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या, अर्ध्यात सोडल्या. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. नवरा मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून घरी आला की त्याचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. तो पाय लांब करून बसला होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. "मग झालं काय?" तो म्हणाला. "पोरगी चुकली, तू ब्रेक मारलास. माझ्या बाजूला ब्रेक कशाला दिलाय मग?" "हसले ना पण सगळे तिला." "आज हसले, उद्या विसरतील. तुला अजून कोण चिकन म्हणतं? मी सोडून." त्या हसल्या नाहीत. तो पाय चोळत म्हणाला, "एक मात्र आहे हं. आपण ब्रेक मारला की शिकणारा कधी रस्त्याकडे बघत नाही. आपल्या पायाकडे बघतो. असं बघतो, की मी काय केलं? रस्ता तर मोकळाच होता." त्याने ते गंमतीने सांगितलं आणि पेपर उचलला. बाई खिडकीपाशी तशाच राहिल्या. खाली रस्त्यावर एक माणूस दुकानाचं शटर ओढत होता, ते अडकत होतं, तो परत वर ढकलून परत ओढत होता. तिने मान हलवली होती. डेड म्हणजे काय माहितीये का, विचारल्यावर हो म्हणून मान हलवली होती, आणि आपण तिला तोंड उघडून दाखवलं. त्यांनी ती मान परत परत आठवली. ती कुठल्याच बाजूने बघितली तरी हो अशीच होती. मग काय, मुद्दाम खोटं? पण खोटं बोलणारं मूल पकडलं गेल्यावर खाली बघतं, गाल फुगवतं, रडतं. ही त्यांच्याकडे बघत होती. कशी? बाईंना शब्द सापडेना. आपण दुकानदाराला नोट देतो आणि तो ती खोटी आहे म्हणून परत करतो, तेव्हा आपण त्या नोटेकडे बघत नाही, त्या माणसाकडे बघतो, तशी.

मग मुलगी शाळेत यायची बंद झाली. पोट दुखतं असा निरोप आला. आणखी एक दिवस गेला, आणि शाळा सुटल्यावर बाई घरी जायच्या ऐवजी लाँड्रीकडे वळल्या. मुलीची आई हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. बोळाच्या तोंडापासूनच वाफेचा आणि ओल्या कापसाचा वास येत होता. आत दणदणाट होता, पिंपाएवढी मशिनं फिरत होती, भिंतींना घाम सुटला होता. ती एका लांब टेबलापाशी एकटीच होती, चादरींच्या ढिगामागे कमरेपर्यंत बुडालेली. बाईंना बघून तिचा चेहरा पडला. "काही केलं का तिने?" "नाही हो. तब्येत विचारायला आले." "ताप नाही. पोट म्हणते. शेजारच्या काकूंकडे ठेवलंय दोघींना." तिने ढिगाकडे बघितलं. "थांबता नाही येणार मला. जोडीदारीण जेवायला गेलीये आणि हा सगळा ढीग पाचच्या गाडीने जायचाय. एक टोक धरता का? बोलता बोलता होईल." बाईंनी पर्स खांद्यावर मागे टाकली आणि टोक धरलं.

चादर लांब होती. दोघी मागे सरकल्या, ताणली, झटकली. मग समोरासमोर चालत आल्या, बाईंनी आपली टोकं तिच्या हातात दिली, तिचे हात उकडल्यासारखे पांढरे आणि सुरकुतलेले होते, वय मात्र तिशीच्याही आत असेल. परत मागे. दुसरी चादर. जवळ आल्यावरच बोललेलं ऐकू यायचं, लांब गेलं की मशीन सगळं खाऊन टाकायचं, म्हणून बाईंनी जे सांगायचं ते घडीघडीने सांगितलं. की ती वर्गात बोलली, पहिल्यांदाच. की एका शब्दाचा घोटाळा झाला, मुलांचं होतं असं. की मुलं जरा हसली, ते तिने मनाला लावून घेतलं असेल. "काय म्हणाली?" तिने विचारलं. बाई हसून म्हणाल्या, "अहो, गंमतच. म्हणायचं होतं काहीतरी वेगळं, आणि म्हणाली काय, तर माझी आई मेली." त्या मागे सरकल्या, चादर ताणायला गेल्या, पण समोरून ताण आला नाही. चादर मधोमध पोट सुटल्यासारखी खाली झुलली. ती तिथेच उभी होती. मग ती आपणच पुढे चालत आली, घडी न घालता, आणि अगदी जवळ येऊन म्हणाली, "कसं म्हणाली? म्हणजे तुमच्या इंग्रजीत. जसं म्हणाली तसंच म्हणून दाखवा." बाईंनी म्हटलं, "माय मदर इज डेड." "यातलं आई कुठलं?" "मदर." "आणि मेली?" "डेड." "डेड," ती म्हणाली. ओठ न हलवता, स्वतःशी. "एवढंसंच आहे." मग म्हणाली, "ती चुकली नाही, बाई. माझी ताई गेली. मी मावशी तिची."

चादर बाईंच्या हातून सुटली. ती ओल्या फरशीवर पडली, तिच्यावर लगेच एक करडा डाग चढत गेला. मावशी वाकली नाही. "राहू दे. परत धुवायला जाईल," म्हणाली, आणि दुसरी चादर उचलून तिने टोकं बाईंच्या हातात दिली, कारण पाचची गाडी होतीच. मागे, पुढे. ताई गेली तेव्हा धाकटी पाळण्यात होती, दोन महिन्यांची. मावशी सांभाळायला म्हणून आली ती राहिली, मग मोठ्या माणसांनी लग्नाचं ठरवलं, तिने आणि तिच्या भावजींनी मान खाली घालून हो म्हटलं. मग या गावात काम मिळालं. इथे कुणी ओळखीचं नव्हतं. "मीच म्हटलं, इथे सगळ्यांनी मला आईच म्हणायचं. धाकटीला कशाला कळायला हवं? मोठी मुलं चिडवतात, सावत्र म्हणतात. मोठीला समजावलं, ताईचं नाव घरात काढायचं नाही. ती पहिल्याच दिवसापासून आई म्हणायला लागली. रडली नाही, हट्ट केला नाही. मला वाटलं, लहान आहे, बसलं अंगवळणी." दोघी मागे सरकल्या, मशीनने काही शब्द खाल्ले, पुढे आल्या. "माझी बहीण होती हो ती. एकाच अंथरुणात वाढलो. आता मला कुणी विचारलं, बहीणभाऊ किती, तर मी म्हणते, मी एकटी. शेजारच्या काकूंनासुद्धा तेच सांगितलंय." मग टोकं घेताना तिने बाईंची बोटं टोकांसकट धरली. "तुम्ही काय म्हणालात तिला? ती डेड म्हणाली तेव्हा?"

बाईंना त्या क्षणी कुठलंही वाक्य आत फिरवून बघता आलं नाही. "मी तिला म्हणायला लावलं की मेली नाही. घरी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर. आणि मग वर्गासमोर." मावशीने घडी टेबलावर ठेवली, तळव्याने सपाट केली, खरं तर ती सपाटच होती. "ती म्हणाली?" "म्हणाली." "म्हणणारच," मावशी म्हणाली, "ती ऐकते सगळ्यांचं." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "तुम्हाला आमची भाषा येते ना. म्हणून ती तुमच्याशी बोलत नसणार. तुमच्याजवळ बोललं की घरी येणार. इंग्रजीत बोललेलं घरी कुणाला कळतंय? मला कळत नाही, तिच्या बाबांना कळत नाही. तिथे तिने ते नेऊन ठेवलं." जोडीदारीण तोंड पुसत आत आली, बाईंच्या हातातली टोकं तिने सहज आपल्या हातात घेतली, जणू ती तिचीच होती. बाई दाराशी गेल्या तेव्हा मावशी मागून आली. पदराने मान पुसत म्हणाली, "उद्या पाठवते तिला. मी सांगेन, शाळेत काय हवं ते बोल. माझ्याकडून सुटलीस म्हणून सांगेन." "आणि घरी?" बाईंनी विचारून टाकलं, आणि लगेच वाटलं, विचारायला नको होतं. मावशीने मागे, चादरींकडे बघितलं. "घरी बघू," ती म्हणाली. "मलाही जरा वेळ द्या. मीसुद्धा ती गेल्यानंतर ताई म्हणून आजच म्हटलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लवकर गेल्या आणि वर्गशिक्षिकेला जिन्यातच गाठून त्यांनी सगळं सांगितलं, आपलं चुकलं हेही, तुझ्याकडे बोट दाखवायची गरज नाही हेही. ती जिन्यातच पायरीवर बसली. म्हणाली, "आणि मी तिला उभं केलं." मग उठली, आणि वर्गात जाऊन काय म्हणाली कोण जाणे. बाईंनी व्हरांड्यात थांबून ऐकलं नाही. त्यांचे पायच थांबेनात. कोपऱ्यात जाऊन त्यांनी खुर्च्या सारख्या केल्या, चित्रांचे तक्ते उतरवले, परत लावले, पाणी प्यायल्या. मुलगी येईल तेव्हा काय म्हणायचं, याची वाक्यं त्या बनवत होत्या आणि मोडत होत्या. घरच्या भाषेत म्हणावं तर त्या भाषेला ती घाबरते. इंग्रजीत म्हणावं तर सॉरी म्हणावं लागेल, आणि सॉरी तर या शाळेत धक्का लागला तरी म्हणतात, रांगेत पुढे घुसतानाही म्हणतात. पलीकडे चेंडू सुरू झाला. मुलगी आली, आपल्या जागेवर बसली, आणि बाईंनी ठरवलेलं सगळं बाजूला राहून त्या घरच्या भाषेत म्हणाल्या, "मी तुझं ऐकलं नाही. तू खरं सांगत होतीस आणि मी तुला खोटं बोलायला लावलं. मावशी भेटली मला." मावशी हा शब्द ऐकताच मुलीने दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. ती बराच वेळ दाराकडेच बघत होती, आणि बाई पहिल्यांदाच काही न करता बसून राहिल्या. गुडघा हलत होता तो त्यांनी हाताने दाबून धरला.

"इज म्हणजे आहे ना?" मुलीने विचारलं. घरच्या भाषेत. तोच घोगरा आवाज. "हो," बाई म्हणाल्या. "आणि वॉज म्हणजे होती." "हो." "मग डेडला इज का लावतात? ती तर आता नाहीये." बाईंनी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. व्याकरणाचं उत्तर होतं, सोपं होतं, आणि ते द्यावंसं वाटेना. "मरण संपत नाही म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या. "माणूस होतं आणि गेलं, ते वॉज. पण ती नाही, हे रोजच असतं ना. आजही आहे. म्हणून इज." मुलीने ते ऐकून घेतलं. विचार करताना तिची भुवई एका बाजूने खाली यायची, हे बाईंच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. "म्हणजे माझं बरोबर होतं." "पूर्ण बरोबर होतं." मुलगी खुर्चीत जरा मागे टेकली. आता ती रडेल, असं बाईंना वाटलं, त्यांनी रुमाल हातात घेतलासुद्धा. पण तिने टेबलावर दोन्ही कोपरं टेकली आणि विचारलं, "चिडकीला काय म्हणतात?"

"कोण चिडकी?" "आई. माझी आई चिडकी होती. दूध उतू गेलं की दुधावर ओरडायची." "अँग्री," बाई म्हणाल्या. "माय मदर वॉज अँग्री." मुलीने ते तोंडात घोळवलं आणि मान हलवली, नाही अशी. "अँग्री म्हणजे रागावलेली. चित्रातला तो लाल माणूस. तो आत्ता रागावलाय. आई तेवढ्यापुरती नव्हती रागावलेली, ती चिडकीच होती. आणि लगेच हसायची. ओरडता ओरडता हसायची." तिचा आवाज मोठा झाला होता, दाराकडे तिचं लक्ष नव्हतं. "मग क्रॉस म्हणूया का?" "क्रॉस म्हणजे फुली." "त्याचा चिडकी असाही अर्थ होतो." "नको. फुली नको." बाईंनी शेल्फावरून जाडा शब्दकोश ओढला, धूळ उडाली, मुलगी शिंकली. शॉर्ट-टेम्पर्ड त्यांनी म्हणून दाखवला, तो तिला फार लांब वाटला आणि त्यात हसणं नव्हतं. ग्रम्पी म्हणून दाखवला, तो ऐकून ती खुदकन हसली, पण म्हणाली, हा आजोबांना शोभेल. बाई पानं उलटत होत्या, बोट ओळींवरून घसरत होतं, इतक्या वर्षांत मुलांसाठी शब्द शोधताना त्यांना असं कधी झालं नव्हतं की कुठलाच पुरत नाही, आणि आपल्याला हवा असलेला शब्द या भाषेत नसलाच तर, अशी भीती वाटावी. तास संपल्याची घंटा झाली. चेंडू थांबला. वर्गशिक्षिकेने दार ढकलून डोकं आत घातलं आणि मुलीला, कधी नव्हे इतक्या हळू आवाजात, चलायचं का असं विचारलं.

"वेट," मुलगी म्हणाली. मागे वळूनही न बघता. मग बाईंच्या बोटाखालच्या ओळीकडे वाकली आणि म्हणाली, "हा नाही. पुढचा सांगा."